सावलीचा हिशेब

मुळशी म्हटले की जुन्या पिढीला १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. शहरातल्या नव्या कुटुंबाला आठवते ती पावसाळ्यातली ताम्हिणी घाटाची सहल. धरण, धुके, भातखाचरे आणि गरमागरम भजी! असल्या गारव्याच्या मुलखात ऊन माणसाच्या जिवावर उठू शकते, असे कोणी म्हटले तर आपण ते हसण्यावारीच नेऊ.

पण या तालुक्याला दुसरे टोकही आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, तर पूर्वेला पुण्याला खेटून हिंजवडी, माण आणि मारुंजी. तेथे संगणकाच्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागून उंच इमारती आल्या. पिरंगुटला कारखाने झाले. पौडच्या पुढे शनिवार-रविवारचे बंगले उठले. हे सारे बांधणारे हात एप्रिल-मेच्या भर दुपारी स्लॅबवर असतात.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका बांधकामावर मी दुपारी दोन वाजता उभा होतो. सळईला हात लावला तर चटका बसत होता. नुकत्याच भरलेल्या खांबांना ओले बारदान गुंडाळले होते आणि एक पोऱ्या नळीने त्यांवर पाणी मारीत होता. सिमेंट तडकू नये म्हणून केवढी ही काळजी! शेजारीच डोक्यावर घमेले घेतलेल्या बाईवर मात्र सावलीचा तुकडाही नव्हता. मी मुकादमाला विचारले, "या वेळेला तरी काम थांबवत नाही का?"

"थांबवतो की साहेब," तो म्हणाला, "पण माणसंच थांबत नाहीत. काम उक्तं घेतलंय त्यांनी. बसलं तेवढा वेळ पैसा बुडतो."

सारे मर्म त्या एका वाक्यात आहे.

माणसाचे शरीर माठासारखे आहे. घाम वाळतो आणि अंग निवते. परंतु कष्ट करणाऱ्याच्या अंगात आतूनही उष्णता निर्माण होत असते आणि हवा दमट असली की घाम वाळत नाही. म्हणून नुसता पारा पाहून भागत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. पारा अडतीसच्या आसपास, म्हणजे विदर्भाच्या हिशेबाने काहीच नाही. तरीही उघड्यावर बसलेल्यांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. ते तर नुसते बसले होते. घमेली वाहत नव्हते.

हवेची उष्णता, दमटपणा, ऊन आणि वारा या चौघांचा मिळून एक आकडा काढण्याची रीत यॅग्लू आणि मिनार्ड या अमेरिकन संशोधकांनी १९५७ साली मांडली. निमित्त होते लष्करी शिक्षणात उन्हाने कोसळणाऱ्या रंगरुटांचे. या मापाने ३२.१ अंश झाले की उघड्यावरचे काम बंद करायचे, असा नियम आखातातील कतारने २०२१ साली केला.

सर्वांत मोठा धोका असतो तो नवख्याला. उन्हातल्या कष्टाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर फुटतो आणि त्यातून मीठही कमी जाते. उन्हाचे बळी बहुधा कामाच्या पहिल्या काही दिवसांतच पडतात. म्हणून पहिल्या दिवशी नवख्याला पाचवा हिस्साच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवीत न्यावे, असे अमेरिकेतील तज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे मात्र रात्री रेल्वेतून उतरलेला मजूर सकाळी कामाला लागतो! गावी महिनाभर राहून परतलेल्याची सवयही मोडलेली असते, हे तर कोणाच्या ध्यानीही येत नाही.

रात्रीचीही तीच कथा. अंग निवायला रात्र गार हवी. पण मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या उशिरापर्यंत धगधगत असतात. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जगातील दहापैकी सात कामगारांना अतिउष्णतेला तोंड द्यावे लागते, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्याच वर्षी सांगितले.

उपाय मात्र साधे आहेत. पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, जवळच सावली, ठरलेली विश्रांती. आणि जड काम पहाटे व सायंकाळी. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

पण विश्रांतीचा पैसा कापला जाणार असेल तर कोण बसेल? श्रमिक स्त्रियांच्या 'सेवा' या संघटनेने २०२३ साली गुजरातेत यावर एक तोड काढली. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की विम्याची रक्कम थेट बाईच्या खात्यात जमा होते. आजारी पडल्याचा दाखला मागत नाहीत. कारण दुखण्याची भरपाई करण्यापेक्षा दुपारी घरी थांबणे परवडू देणे शहाणपणाचे!

वाचकहो, या मजुरांचे मालक काही अंशी आपणही आहोत. मे महिन्यात घराला रंग काढणारे आपण, मुळशीत बंगली बांधणारेही आपण आणि "ताबा कधी देणार?" म्हणून बिल्डरच्या मागे लागणारेही आपणच. फरशी कोणती, नळ कोणत्या कंपनीचे, हे आपण खोदून खोदून विचारतो. त्यात आणखी एक प्रश्न घालू या : "दुपारी बारा ते चार काम बंद असते ना? आणि त्या वेळेची मजुरी मिळते ना?" घराचा ताबा चार आठवडे उशिरा मिळाला तर बिघडत नाही. खांबाला मिळते तेवढे पाणी आणि तेवढी काळजी तो खांब उभारणाऱ्यालाही मिळाली पाहिजे.