मुलांना उन्हाळी शिबिराची ओढ कशी लागेल?

एप्रिल महिन्यातील एखाद्या रविवारी मिस्साबलिदानानंतर सूचना वाचली जाते, "स्काउट व गाईड पथकाचे उन्हाळी शिबिर मे महिन्यात भरणार आहे. इच्छुक मुलामुलींनी आपली नावे द्यावीत." पुढील रविवारपर्यंत चार-पाच नावे येतात आणि त्यांतील दोन पालकांनीच दिलेली असतात. मग, आजकालच्या मुलांना मोबाईलशिवाय काही नको, अशी हळहळ वडीलधारी मंडळी व्यक्त करतात. बीड जिल्ह्यातील मुलांसोबत काही उन्हाळे काढल्यानंतर आमचे मत वेगळे झाले आहे. दोष मुलांचा नसून त्या सूचनेचा आहे. 'इच्छुक' हा शब्द आपण आधीच वापरतो. इच्छा निर्माण करण्याचे काम मात्र कोणी करीत नाही.

औरंगाबाद धर्मप्रांतातील इतर भागांपेक्षा बीडची सुट्टी थोडी निराळी आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी पुणे-सोलापूरकडे, तर कोणी थेट कर्नाटकात बेळगाव-बागलकोटपर्यंत जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत परतणे नाही. मुले काही घरी आजी-आजोबांजवळ राहतात, काही शासनाच्या हंगामी वसतिगृहात, तर काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये ही कुटुंबे गावी येतात. म्हणजे आपण शिबिराची सूचना वाचतो तेव्हा पथकातील काही मुले नुकतीच चार-पाच महिन्यांनी घरी आलेली असतात, आणि काही मुलांना त्यांचे आईवडील नुकतेच परत मिळालेले असतात. अशा वेळी 'चला, घर सोडून आठ दिवस राहू' हे निमंत्रण त्यांना कसे वाटेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

शहरातील मुलाला तंबूत झोपणे, चुलीवर शिजवणे, कंदिलाच्या उजेडात जेवणे ही मौज वाटते. स्काउटिंगची पुस्तके त्याच मुलाला समोर ठेवून लिहिलेली असतात. पण जो मुलगा बांबू, चटई आणि ताडपत्रीच्या कोपीत हिवाळा काढून आला आहे, त्याला तंबूचे अप्रूप कशाला असेल? पहाटे चारला उठणे त्याला शिस्त म्हणून शिकवावे लागत नाही. गाडी भरायची वेळ तीच असते. 'छावणी' हा शब्द तर आम्ही वापरणेच सोडून दिले. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात या जिल्ह्यात जनावरांच्या चारा छावण्या पडल्या होत्या आणि माणसेही गुरांसोबत तेथेच राहिली होती. एका धर्मग्रामात आम्ही छावणीचे नाव काढताच एका आजीबाईंनी विचारले, "आमच्या पोरांना छावणीत का नेता?" तेव्हापासून 'शिबिर' हाच शब्द.

मग या मुलांना शिबिरात नवे काय मिळते? आमच्या अनुभवाप्रमाणे दोन गोष्टी. पहिली, काम संपवल्यावर खेळायला मिळणारा मोकळा वेळ, ज्यात धाकट्या भावंडाला सांभाळायचे नसते. दुसरी आणि अधिक मोलाची, आपल्याला जे येते ते इतरांना शिकवण्याची संधी.

या दुसऱ्या गोष्टीचे मूळ स्काउट चळवळीच्या जन्मातच आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक शिबिर घेतले, त्यात सुमारे २० मुले होती. काही ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतील होती, तर काही बोर्नमथ आणि पूल या जवळच्या गावांतील कष्टकरी घरांतील. लांडगा, बैल, डोमकावळा आणि कुरव पक्षी अशी नावे दिलेल्या चार संघांत ही मुले मिसळून वाटण्यात आली. प्रत्येक संघाला मुलांतूनच एक नायक होता आणि संघाची जबाबदारी त्याच्यावर होती. त्या काळच्या इंग्लंडात असे एकत्र राहणे सोपे नव्हते. पुढे १९०८ मध्ये बेडन-पॉवेल यांचे 'स्काउटिंग फॉर बॉईज' प्रसिद्ध झाले आणि ही संघपद्धती जगभर गेली. आपल्या देशात १९५० साली भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या पथकांतही संघ आणि संघनायक हीच रचना आहे. खेदाची गोष्ट अशी की, अनेक पथकांत संघनायक केवळ रांग सरळ करण्यापुरता उरला आहे. शिबिराची सगळी आखणी स्काउट मास्तर, शिक्षक आणि फादर करतात, आणि मुले तयार ताटावर येऊन बसतात. तयार ताटाची ओढ लागत नाही.

आम्ही एका वर्षी क्रम उलटा करून पाहिला. सूचना वाचण्याऐवजी संघनायकांना बोलावून विचारले की शिबिरात कोणाला काय शिकवता येईल. प्रथम कोणी बोलेना. मग फडावरून आलेला तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "मला मोळी बांधता येते." त्याने उसाच्या वाढ्यांना पीळ देऊन मोळी कशी आवळतात ते करून दाखवले. त्यानंतर गुरे राखणाऱ्या मुलाने खुंट्याला दावे बांधून दाखवले. ते पाहून आमच्या स्काउट मास्तरांनी पुस्तक उघडले. 'क्लोव्ह हिच' म्हणून ज्या गाठीसाठी ते दर वर्षी दोन तास खर्च करीत, तीच गाठ तो पोरगा बोलता बोलता घालीत होता. बिनभांड्यांचा स्वयंपाक, म्हणजे निखाऱ्यावर वांगी भाजणे, पानात गुंडाळून कणकेचे गोळे शिजवणे, ही तर मुलींनी आम्हालाच शिकवली. त्या बैठकीनंतर नावे गोळा करण्याचे काम आम्हाला उरले नाही. ज्याला काही शिकवायचे होते तो आपला मित्र घेऊन आला, कारण शिकायला कोणीतरी हवेच. मूल शिबिराला पत्रक वाचून येत नाही, आपला सोबती येतो म्हणून येते. हे सत्य इतके साधे आहे की त्यासाठी आम्हाला तीन उन्हाळे का लागले, याचे आम्हालाच नवल वाटते.

पत्रकाविषयी एक कबुली येथेच देतो. एकदा आम्ही पत्रकावर पाटोदा तालुक्यातील सौताड्याच्या धबधब्याचे सुंदर चित्र छापले. विंचरणा नदी तेथे दरीत झेपावते, हे खरे. पण ते पावसाळ्यात. मे महिन्यात मुले कड्यावर उभी राहिली तेव्हा खाली कोरडा खडक होता. कोणी तक्रार केली नाही. दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही नायगावच्या अभयारण्यात मोर दिसतील असे सांगितले, तेव्हा एक मुलगी शांतपणे म्हणाली, "तिथं पाणी होतं तसे ना?" मुलांचा उत्साह खोट्या चित्राने एकदाच मिळतो.

तेव्हा मे महिन्यात बीडमध्ये जे खरोखर असते तेच मुलांपुढे ठेवावे. ऊन असते, पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून सकाळचे कार्यक्रम साडेपाचला सुरू करून दहाला आटोपावेत, दुपार झाडाखाली गोष्टींत आणि हस्तकामात घालवावी, आणि मैदानी खेळ सायंकाळी पाचनंतर घ्यावेत. पिण्याच्या पाण्याची खात्री झाल्याशिवाय जागा ठरवूच नये. पण हेच ऊन एक नवलही दाखवते. आपला जिल्हा सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत मेच्या मध्यास, साधारण १४ ते १७ तारखेच्या दरम्यान, दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो. अंबाजोगाईला तो एखादा दिवस आधी येतो, गेवराईला थोडा नंतर. त्या दिवशी सव्वाबारा ते साडेबाराच्या सुमारास सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात.

स्काउटच्या हाती काठी असतेच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येक संघाला एकच काम दिले. दर रविवारी दुपारी काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, साडेबाराच्या आत तिची सर्वांत आखूड सावली बोटांनी मोजायची आणि वहीत लिहून ठेवायची. सावली का घटते, हे सांगितले नाही. दर आठवड्याला ती आखडत गेली तशी मुले स्वतःच विचारू लागली, "सर, ही शून्य कधी होणार?" उत्तर होते, शिबिरात. ज्या संघाने चार रविवार सावली मोजली, त्यातील एकही मूल घरी राहिले नाही. अर्थात यासाठी शिबिराच्या तारखा त्या चार दिवसांना धरून ठरवाव्या लागतात, आणि लग्नसराईच्या दाट तिथी टाळण्याची कसरतही करावी लागते.

लग्नसराईइतकाच दुसरा प्रतिस्पर्धी म्हणजे मामाचे गाव. त्याच्याशी स्पर्धा करू नये, हरण्याचीच शक्यता अधिक. मूल जूनमध्ये मामाकडे जाईल आणि मेमध्ये शिबिराला येईल, असे घरच्यांशी आधी बोलून घ्यावे. येथे एक गंमत आठवते. संत पोप दुसरे जॉन पॉल हे तरुण धर्मगुरू असताना पोलंडमधील विद्यार्थ्यांना घेऊन डोंगरांत आणि नद्यांवर शिबिरे करीत. कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूंनी तरुणांना असे नेणे अवघड असल्याने विद्यार्थी त्यांना फादर न म्हणता 'वुयेक', म्हणजे मामा किंवा काका, अशी हाक मारीत. १९५८ च्या जुलैमध्ये त्यांची साहाय्यक महागुरुपदी नेमणूक झाल्याचे कळले, तेव्हाही ते अशाच एका होडीच्या सहलीत होते. आपल्याकडेही एखादे फादर किंवा सिस्टर आठही दिवस मुलांसोबत राहिले, केवळ उद्घाटन करून परतले नाहीत, तर मुले पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी येतात.

काही पालक विचारतात, स्काउटिंग हे शाळेचे काम, धर्मग्रामाने त्यात का पडावे? फ्रान्समध्ये जॅक सेव्हँ या येशूसंघीय धर्मगुरूंनी १९२० मध्ये कॅथलिक स्काउट संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि ख्रिस्तसभेतील अनेकांचा आरंभीचा संशय दूर केला. २०१२ मध्ये त्यांना 'पूजनीय' घोषित करण्यात आले. आपल्या पथकात इतर धर्मांची मुलेही असतात, तेव्हा सकाळची प्रार्थना सर्वधर्म प्रार्थना असते आणि रविवारी आपल्या मुलांसाठी मिस्साबलिदानाची सोय केली जाते. यात आजवर कोणाला अडचण आलेली नाही.

भीतीविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण न येणाऱ्या मुलांपैकी बरीच भीतीमुळे येत नाहीत आणि ते सांगत नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला अंधाराची, विंचवाची, अंथरूण ओले होण्याची भीती वाटते. जो मुलगा महिनोन् महिने आईवडिलांवाचून राहिला, त्याला आणखी वेगळी भीती असते. आपण शिबिराला गेलो आणि इकडे ते पुन्हा निघून गेले तर? त्याला 'भित्रा' म्हणून हिणवणे हा अन्याय आहे. यासाठी एप्रिलच्या अखेरीस चर्चच्या आवारातच एक रात्र मुक्काम ठेवावा. शेकोटी, गाणी, पहाटे चहा आणि घरी. ज्याला मध्यरात्री परत जावेसे वाटेल त्याला कोणतीही थट्टा न करता पोहोचवावे. आमच्याकडे असा एक मुलगा रात्री अकराला घरी गेला आणि पहाटे पाचला स्वतःच परत आला. शिबिराच्या मध्यावर आईवडिलांना एक दिवस जेवायला बोलावणेही उपयोगी ठरते. ते गावातच आहेत, हे मुलाला डोळ्यांनी दिसते.

मुलींच्या बाबतीत पालकांचे प्रश्न निराळे आणि रास्त असतात. रात्री सोबत कोण, स्नानगृहाला कडी आहे का, फोन कोणाला करायचा. या प्रश्नांची उत्तरे गाईड कॅप्टन आणि सिस्टर यांनी घरी जाऊन, आईसमोर बसून द्यावीत. चिठ्ठी पाठवून हे होत नाही. बालविवाहाचे प्रमाण मोठे असलेल्या या जिल्ह्यात चौदा वर्षांची मुलगी आठ दिवस मैत्रिणींसोबत राहते, संघ चालवते, हिशेब ठेवते, हे घरच्यांनी पाहणे तिच्या पुढील शिक्षणाच्या दृष्टीने लाभाचे ठरते.

शुल्काचा प्रश्न उरतो. फडावरून परतलेल्या घरी एप्रिलमध्ये रोख पैसा बहुधा नसतो. हिशेबात उचल फिटली तरी पुष्कळ. 'गरिबांसाठी सवलत' असे जाहीर केल्यास स्वाभिमानी मूल नावच देत नाही. त्यापेक्षा स्काउटच्या 'खरी कमाई' उपक्रमाचा आधार घ्यावा. जानेवारी-फेब्रुवारीत पथकाने भेळ, लिंबू सरबत, कागदी पिशव्या विकून जमवलेली रक्कम सर्वांच्या शुल्कात समान टाकावी आणि फडावर असलेल्या मुलांचा वाटाही त्यात धरावा. ती मुले शिबिरात मोळीची आणि दाव्याची गाठ शिकवून आपला वाटा फेडतात, असा ठराव आमच्या एका संघाने स्वतःहून केला. वहीत त्याची नोंद आहे, खाली संघातील सर्वांच्या सह्या आणि शेजारी त्या रविवारच्या सावलीचे माप, सात बोटे.