परीक्षेपूर्वीं लागलेला निकाल

शाळेंत परीक्षा आधीं होते आणि निकाल मागाहून लागतो. अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलच्या जगांत मात्र दरवर्षीं एप्रिल महिन्याच्या अखेरीस हा क्रम उलटतो. संघांनीं आपले नवे खेळाडू निवडले, कीं दुसऱ्याच दिवशीं तेथील वृत्तपत्रें आणि दूरचित्रवाणीवरील टीकाकार बत्तीसहि संघांस शाळेंतल्याप्रमाणें श्रेणी देऊन मोकळे होतात. उत्तम निवडीस 'ए', बऱ्या निवडीस 'बी', सामान्य निवडीस 'सी' आणि सर्वस्वीं फसलेलीस 'एफ'. ज्या तरुणांच्या निवडीबद्दल ही श्रेणी मिळते, त्यांनीं धंदेवाईक मैदानावर अद्याप पाऊलहि टाकलेलें नसतें. श्रेणी प्रसिद्ध होतांच शहराशहरांतून एकच ओरड उठते, कीं वृत्तपत्रें आमच्या संघाचा दुस्वास करतात आणि अमक्या संघाचे लाड करतात. ही तक्रार कितपत खरी, आणि दोष असलाच तर तो नेमका कोठें, याचा विचार केवळ खेळाच्या शौकिनांपुरताच नाहीं. तयार मतें रोज सकाळीं घरपोंच मिळणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाशीं त्याचा संबंध आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. दोन्ही टोकांस निमुळता असलेला चेंडू हातांत घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दींत नेण्याचा, अंगमेहनतीचा व झटापटीचा असा हा खेळ आहे. त्यांत 'क्वार्टरबॅक' नांवाच्या गड्याचें महत्त्व सर्वांत अधिक. चेंडू कोणाकडे फेकावा हें क्षणार्धांत ठरविणारा तो जणूं सेनापतीच होय. 'नॅशनल फुटबॉल लीग' या मंडळांतील संघांस विद्यापीठांतून तयार होऊन येणारे तरुण हवे तसे घेतां येत नाहींत. त्यांची वांटणी 'ड्राफ्ट' नांवाच्या वार्षिक निवडीनें होते. गेल्या हंगामांत जो संघ तळाशीं राहिला त्यास पहिली निवड आणि विजेत्यास शेवटची, असा उलटा क्रम सामान्यतः असतो. मूळ कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत संघांनीं सारे नामांकित खेळाडू पळवावेत आणि दुबळे संघ अधिकच दुबळे व्हावेत, हें टाळण्याचा त्यांचा हेतु होता. ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियांतील एका हॉटेलांत नऊ संघांच्या चालकांनीं फळ्यावर लिहिलेल्या सुमारें नव्वद नांवांतून पहिली निवड केली. सर्वांत पहिलें नांव निघालें तें शिकागो विद्यापीठाचे जे बर्वँगर यांचें. परंतु त्यांनीं धंदेवाईक खेळ कधीं पत्करलाच नाहीं. भविष्य सांगणारांस हा पहिल्याच दिवशीं मिळालेला इशारा होता.

पुढें या कामकाजास तमाशाचें स्वरूप आलें. १९८० सालीं ईएसपीएन या दूरचित्रवाहिनीनें तें प्रथम प्रक्षेपित केलें. १९८४ पासून मेल कायपर या तरुण निरीक्षकास तेथें बसविण्यांत आलें आणि निवडीचें भाकीत करणें हाच एक स्वतंत्र व्यवसाय झाला. आज निवडीच्या सात फेऱ्या तीन दिवस चालतात आणि अडीचशेंच्या आसपास तरुण निवडले जातात. २०२४ सालीं डेट्रॉइट शहरांत हा सोहळा पाहण्यास तीन दिवसांत मिळून सात लाखांहून अधिक लोकांची उपस्थिति नोंदली गेली. लक्षांत घेण्यासारखी गोष्ट ही, कीं तेथें खेळ असा कांहींच होत नाहीं. केवळ नांवें पुकारलीं जातात. एवढ्या उत्सुक समुदायास दुसऱ्या दिवशीं कांहींतरी निकाल हवा असतो. 'तीन वर्षें थांबा' हें उत्तर खरें असलें तरी त्यावर वर्तमानपत्र खपत नाहीं. श्रेणी देण्याची प्रथा या गरजेंतून पोसली गेली.

आतां ही श्रेणी तयार कशी होते तें पाहूं. निवडीपूर्वीं कित्येक महिने प्रत्येक टीकाकार आपली एक यादी करीत असतो. अमका तरुण गुणानुक्रमें दहावा, तमका साठावा, अशी ती यादी असते. एखाद्या संघानें टीकाकाराच्या यादींतील साठाव्या तरुणास विसाव्या क्रमांकावर उचललें, तर संघानें उतावळेपणा केला असें ठरून त्याची श्रेणी उतरते. उलट, यादींतला विसावा तरुण एखाद्या संघास चाळिसाव्या क्रमांकावर मिळाला, तर मोठा लाभ झाला म्हणून श्रेणी चढते. म्हणजे श्रेणीनें मोजलें जातें तें संघाचें शहाणपण नव्हे, तर संघाचें आणि टीकाकाराच्या यादीचें किती जुळलें एवढेंच. परीक्षकानें स्वतःच उत्तरपत्रिका लिहावी आणि जो तिच्याशीं जुळेल त्यास उत्तीर्ण करावें, असा हा प्रकार आहे.

ती उत्तरपत्रिकाहि अपुऱ्या माहितीवर लिहिलेली असते. १९८७ पासून होतकरू खेळाडूंस इंडियानापोलिस येथें एकत्र बोलावून त्यांची तपासणी होत आली आहे. तेथें धांवण्या-उड्या मारण्याचे आंकडे सर्वांस कळतात. परंतु गुडघ्याची जुनी दुखापत किती बरी झाली याचा वैद्यकीय अहवाल आणि बंद दाराआड झालेल्या मुलाखती या संघांपाशींच राहतात. टीकाकारास त्यांतलें जें कळतें तें बहुधा ऐकीव, आणि तें सांगणारा संघाचा अधिकारी किंवा खेळाडूचा हस्तक असल्यामुळें स्वार्थापासून मुक्त नसतें. शिवाय टीकाकार एकमेकांच्या याद्या वाचतात. सर्वांहून अगदीं वेगळें लिहून तोंडघशीं पडण्यापेक्षां चारचौघांबरोबर चुकणें कमी जोखमीचें असतें. त्यामुळें वाचकास ज्या वीस स्वतंत्र न्यायाधीशांच्या साक्षी वाटतात, तें पुष्कळदां वीस तोंडांनीं बोललेलें एकच मत असतें. एखाद्या संघाच्या चाहत्यांस सर्व वृत्तपत्रांनीं मिळून कट केला असें जें वाटतें, त्याचा उगम येथें आहे. कट नसतो, एकाच मळलेल्या वाटेनें सारे चाललेले असतात.

या पद्धतीची फजिती कशी होते, याचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. २००० सालीं टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकचें नांव सहाव्या फेरींत, १९९ व्या क्रमांकावर पुकारलें गेलें. त्याच्या आधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. पुढें त्यानें सात वेळां अंतिम अजिंक्यपद मिळविलें. 'मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात' या म्हणीवर सारी श्रेणीपद्धति उभी आहे. परंतु हे पाय टीकाकारांस दिसले नाहींत, आणि संघांसहि दिसले नाहींत. २०१२ सालीं सिअॅटल सीहॉक्स या संघानें पहिल्या फेरींत ब्रूस अर्व्हिन, दुसरींत बॉबी वॅग्नर आणि तिसरींत उंचीनें सहा फुटांहून कमी असलेला क्वार्टरबॅक रसेल विल्सन यांस निवडलें. अनेक टीकाकारांनीं संघास खालची श्रेणी देऊन त्याची हेटाळणी केली. दोन वर्षांच्या आंत, फेब्रुवारी २०१४ मध्यें, याच तिघांसह सिअॅटलनें डेन्व्हरचा ४३ विरुद्ध ८ गुणांनीं पराभव करून अजिंक्यपद जिंकलें.

तथापि प्रत्येक वेळीं टीकाकार चुकतात आणि संघ बरोबर ठरतात, असेंहि नाहीं. १९९४ सालीं इंडियानापोलिस कोल्ट्स संघानें, ट्रेंट डिल्फर हा क्वार्टरबॅक शिल्लक असतांना, पांचव्या क्रमांकावर ट्रेव्ह अल्बर्ट्स या बचावाच्या खेळाडूस निवडलें. कायपर यांनीं त्यावर प्रक्षेपणांतच झोड उठविली, तेव्हां हा कायपर कोण लागून गेला, अशा अर्थाचा संतप्त सवाल संघाचे व्यवस्थापक बिल टोबिन यांनीं कॅमेऱ्यासमोर केला. पुढें अल्बर्ट्स दुखापतींमुळें तीनच हंगामांत निवृत्त झाला. डिल्फर थोर खेळाडूंत गणला गेला नाहीं, पण दुसऱ्या एका संघांत जाऊन २००१ च्या जानेवारींत अजिंक्यपदाचा वांटेकरी झाला. आणि ज्या कोल्ट्सवर टीका झाली, त्यांनींच त्या दिवशीं दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला मार्शल फॉक या खेळांतील थोरांच्या मालिकेंत जाऊन बसला. या साऱ्या हिशेबास एकच अक्षर कोणतें द्यावयाचें? दोन्ही पक्षांचें कांहीं बरोबर होतें, कांहीं चुकलें होतें, आणि कांहीं केवळ दैवाधीन होतें.

चाहत्यांच्या तक्रारीचा एक भाग मात्र त्यांच्याच डोळ्यांत असतो. २३ नोव्हेंबर १९५१ रोजीं प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला. तो फार दांडगाईचा झाला. प्रिन्स्टनच्या नामांकित खेळाडूचें नाक मोडलें, तर डार्टमथच्या एका गड्याचा पाय मोडला. पुढें अल्बर्ट हॅस्टॉर्फ व हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनीं सामन्याचा चित्रपट दोन्हीकडील विद्यार्थ्यांस दाखवून नियमभंग मोजावयास सांगितले. डार्टमथच्या संघाचे जेवढे अपराध डार्टमथच्या विद्यार्थ्यांस दिसले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांस दिसले. चित्रपट एकच, डोळे मात्र दोन गांवचे. १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या, स्टॅनफर्ड विद्यापीठांतील प्रयोगांत इस्रायलच्या व अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांस एकाच घटनेच्या त्याच बातम्या दाखविल्या असतां, बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या आहेत असें दोन्ही पक्षांस वाटलें. फुटबॉलच्या चाहत्यांचें असेंच होतें. आपल्या संघास मिळालेली 'बी' त्यांस अन्याय वाटते आणि शेजाऱ्यास मिळालेली 'बी' पक्षपात वाटतो.

मग पक्षपात मुळींच नाहीं काय? आहे; परंतु ओरडा होतो त्या ठिकाणीं तो फारसा नसतो. मोठ्या शहरांतील संघांची चर्चा अधिक होते, नामांकित विद्यापीठांतील तरुण अधिक वेळां डोळ्यांपुढें येतात, आणि क्वार्टरबॅकच्या नांवाभोवतीं शाई अधिक सांडते. सुमारें एक लाख वस्तीच्या ग्रीन बे या गांवच्या संघानें २०२० सालीं, अॅरन रॉजर्ससारखा समर्थ क्वार्टरबॅक हातीं असतां, जॉर्डन लव्ह या तरुण क्वार्टरबॅकची निवड केली, तेव्हां त्या निवडीवर चोहोंकडून टीका झाली. २०२३ च्या हंगामांत त्याच लव्हनें संघाची धुरा घेतली आणि बाद फेरींत बलाढ्य डॅलसला डॅलसमध्येंच हरविलें. संघाची निंदा झाली, ती कालांतरानें विरली. त्यापलीकडे नुकसान झालें नाहीं.

खरें नुकसान होतें तें तरुणाचें. संघाच्या कपाळीं आलेली 'डी' पुढल्या विजयानें पुसली जाते. परंतु 'हा क्वार्टरबॅक होण्याजोगा नाहीं' हा शिक्का एखाद्याचें आयुष्य बदलतो. हा शिक्का दीर्घकाळपर्यंत कृष्णवर्णी तरुणांवर विशेष सढळ हातानें मारला गेला. धांवण्यांत चपळ, पण नेतृत्वाची बुद्धि नाहीं, असें त्यांच्याविषयीं गृहीत धरून त्यांस दुसरी जागा पत्करावयास सांगत. वॉरेन मून यास १९७८ सालीं एकाहि संघानें निवडलें नाहीं. तो कॅनडांत गेला, एडमंटनच्या संघाबरोबर लागोपाठ पांच अजिंक्यपदें मिळवून परतला, आणि २००६ सालीं थोर खेळाडूंच्या मालिकेंत मान मिळविणारा पहिला कृष्णवर्णी क्वार्टरबॅक ठरला. १९७८ नंतर चाळीस वर्षांनींहि, २०१८ सालीं, लमार जॅक्सन यानें क्वार्टरबॅकची जागा सोडून चेंडू झेलणाऱ्याची पत्करावी, असा सल्ला दूरचित्रवाणीवरील एका जाणत्या टीकाकारानें जाहीरपणें दिला. जॅक्सननें तो मानला नाहीं. पहिल्या फेरीच्या अगदीं शेवटीं, ३२ व्या क्रमांकावर, बाल्टिमोरनें त्यास घेतलें. २०१९ व २०२३ या दोन हंगामांत तो लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. पक्षपाताचा शोध घ्यावयाचा तर तो येथें घ्यावा. कोणत्या संघास कोणतें अक्षर मिळालें, या वादांत हा प्रश्न झांकला जातो.

निवड ही मुळांतच किती अनिश्चित आहे, हें केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखविलें आहे. एकाच जागेसाठीं लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकीं आधीं निवडलेला अधिक सामन्यांत आरंभापासून खेळेल, याची शक्यता त्यांच्या हिशेबानें शंभरांत अवघी बावन्न निघाली. म्हणजे नाणें उडवून कौल घ्यावा, त्याहून किंचितच बरी. वैद्यकीय अहवाल, मुलाखती आणि पगारी निरीक्षक ज्यांच्या हाताशीं आहेत, त्या संघांची ही स्थिति. मग रात्रींतून लिहिलेल्या श्रेणीचें वजन किती मानावें?

म्हणून टीका करूंच नये असें नव्हे. अमक्या संघास बचावाचे गडी हवे असतां त्यानें ते घेतले नाहींत, किंवा एका खेळाडूसाठीं पुढल्या वर्षींच्या निवडी देऊन टाकल्या, हें टीकाकारानें कारणें देऊन सांगितलें तर वाचक शहाणा होतो. टीकाकारानें तीन वर्षांपूर्वीं दिलेली श्रेणी आज पुन्हां छापून तिचा हिशेब दिला, तर त्याच्या शब्दास वजन येतें. कांहीं वृत्तपत्रें असा फेरविचार करतातहि. वाचकानें अक्षर पाहण्याऐवजीं तें कशाच्या आधारें दिलें हें विचारावें, आणि आपल्या संघाच्या वाट्यास आलें असतें तर हेंच मत आपणांस मान्य झालें असतें काय, हेंहि मनाशीं विचारावें. एवढें न करतां श्रेणीवरून जें भांडण दर एप्रिलमध्यें जुंपतें, तें 'बाजारांत तुरी अन् भट भटणीला मारी' या जातीचें आहे. तुरी बाजारांतून घरीं येऊन शिजेपर्यंत, म्हणजे तो तरुण दोन-तीन हंगाम मैदानावर उभा राहीपर्यंत, त्याच्याविषयींचा निकाल राखून ठेवणें हें त्या तरुणासहि न्याय्य आणि वाचकासहि हितकर आहे.