आईचे महिन्याचे पान

व्यापारी घरात हिशेबाची परंपरा पक्की असते. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही यांची जागा ठरलेली. दिवाळीला चोपडीपूजन ठरलेले. घरखर्चाची वही बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असते आणि तीही पै-पैशाने जुळते. मात्र त्याच स्त्रीने महिनाभर काय पाहिले, काय वाचले, कशाने तिला बरे वाटले, याची नोंद कोणत्याही वहीत नसते.

सांडोर हे वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गाव. केळी, पानवेली, फुलझाडे यांचा हा परिसर. उन्हात वाळवलेल्या राजेळी केळ्यांची सुकेळी ही येथील जुनी ओळख. येथून उत्तरेला काही मैलांवर सोपारा आहे. जैन परंपरेतील एका मातेची कथा या सोपाऱ्याशी निगडित असून ती हेमचंद्राचार्यांच्या ‘परिशिष्टपर्वा’त आली आहे. दुष्काळ बारा वर्षांचा. श्रेष्ठी जिनदत्ताच्या घरी द्रव्य होते, पण धान्य नव्हते. त्याची पत्नी ईश्वरी हिने लाख मोलाचा भात शिजवला आणि त्यात विष कालवून साऱ्या कुटुंबाने देह ठेवावा, असे ठरले. त्याच वेळी आर्य वज्रसेन भिक्षेला आले. लाख मोलाचे अन्न भिक्षेत मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, असे त्यांच्या गुरूंनी, वज्रस्वामींनी, सांगून ठेवले होते. मुनींनी तिला थांबवले. दुसऱ्या दिवशी धान्याची गलबते बंदराला लागली. पुढे त्या दांपत्याने पुत्रांसह दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार पुत्रांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली.

पुत्रांची नावे पट्टावल्यांत राहिली. ईश्वरीचे नावही राहिले, हे विशेष; परंतु त्या रात्री चुलीपुढे बसून तिच्या मनात काय आले असेल, हे कोणी लिहिले नाही. तिला स्वतःला लिहिता आले असते तर? हा प्रश्न निरर्थक नाही, कारण मराठीत अशा लेखनास अवसर मिळाला तो फार उशिरा, आणि मिळाला तो बहुतांशी नियतकालिकांमुळे.

या कामी व्यापाऱ्यांचा हात मोठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूरचे श्रेष्ठी हिराचंद नेमचंद दोशी यांनी ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक काढले. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते मुळात कारखान्याचे पत्रक म्हणून. नांगर विकणाऱ्या पेढीचा तो उद्योग. दहाच वर्षांत, १९३० साली, शंकरराव किर्लोस्करांनी त्याच छत्राखाली ‘स्त्री’ मासिक सुरू केले. त्यात कथा-कविता होत्या, विणकाम आणि पाककृती होत्या, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे घरात राहणाऱ्या स्त्रिया आपला अनुभव लिहून पाठवू लागल्या. दर महिन्याला अंक येतो, म्हणून दर महिन्याला विचार करण्याची सवय लागते. मासिकाने लावलेली ही शिस्त पुस्तकाला लावता आली नसती.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर थक्क करणारे आहे. जन्म १८६८चा, अक्षरओळख लग्नानंतर पतीकडून झालेली. रेव्हरंड टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, त्यामुळे संसाराची ओढाताण कायमची. तरीही वयाच्या साठीनंतर त्यांनी सांगितलेल्या आठवणी ‘संजीवनी’तून क्रमशः येऊ लागल्या आणि १९३४पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग पुस्तकरूपाने निघाले. भांडीकुंडी, रुसवेफुगवे, प्रवासातील फजिती, असा सारा घरगुती ऐवज. पण त्यात स्वतःला हसण्याची जी ताकद आहे, ती भल्याभल्या पंडितांच्या चरित्रांत सापडत नाही. १९३६ साली त्या निवर्तल्या, तेव्हा लेखन अपुरे होते. पुढील हकिगत त्यांचे पुत्र देवदत्त यांनी पुरी केली.

वसईच्या ख्रिस्ती घरांत ‘सुवार्ता’ मासिक वाचले जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ त्याचे संपादन केले. पुढे ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. शेतात आणि बाजारात राबणाऱ्या समाजाने आपल्या भाषेतील मासिक जपले, ही गोष्ट शेजारच्या जैन कुटुंबांनी पाहण्याजोगी आहे.

जैन घरात वाचनाला तर थेट तपाचे स्थान आहे. सहा अभ्यंतर तपांत स्वाध्याय येतो आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परावर्तना, अनुप्रेक्षा व धर्मकथा. यांतील अनुप्रेक्षा म्हणजे वाचलेल्यावर मनाशी केलेले चिंतन. सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा. कित्येक माता याच काळात रोज काही पाने वाचतात. मग चिंतनही होतच असणार. ते कागदावर उतरत नाही, इतकेच.

लिहावे तरी काय, असे विचारले जाते. चातुर्मासात पालेभाजी बंद झाल्यावर पानात काय वाढले. ओळीच्या दिवसांत मिठाशिवायची, तेलातुपाशिवायची आयंबिलाची रसोई सुनेला कशी जमली. चौविहारामुळे सूर्यास्तापूर्वी सगळे एकत्र जेवले की दुकानामुळे कोणी राहिले. दुपारी गच्चीत पापड वाळत असताना कोणते पुस्तक हाती होते. पर्युषणात ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना कोणाची आठवण आली, हे लिहिणे मात्र कठीण. पण खरे लेखन तेथेच सुरू होते.

अडचण वेगळीच आहे. नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. घरात गुजराती किंवा मारवाडी, बाहेर हिंदी. आजीने मराठीत लिहिलेले पान नातवाला वाचता येईलच असे नाही. काही घरांत यावर तोडगा निघतो: आजी वाचते, नातू ऐकतो आणि अडलेला शब्द विचारतो. पृच्छना ती हीच. बाकी घरांत दिवाळीच्या साफसफाईत जुन्या हिशेबवह्या कापडात बांधून माळ्यावर चढतात, आणि आईच्या हस्ताक्षरातील स्तवनांची, पाककृतींची, उतारे काढलेली वही रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. यंदा तो गठ्ठा बांधण्यापूर्वी एकदा उघडून पाहता येईल.