समांतरची वीस वर्षे

छत्रपती संभाजीनगरात घर भाड्याने पाहायला गेलात, तर भाडे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या असतात. हौद किती लिटरचा आहे आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते का. घरमालकालाही या प्रश्नांचे काही वाटत नाही. ‘पाण्याचा दिवस’ कोणता, लाइन किती वाजता सुटते, प्रेशर कसे असते, हे तो आपणहून सांगतो. बाहेरगावहून आलेल्यांना मात्र दचकायला होते. रोज पाणी न येणारी गावे त्यांनी पाहिलेली असतात, पण इतके कारखाने, खंडपीठ आणि विमानतळ असलेल्या शहरात पाचव्या-सहाव्या दिवशी, उन्हाळ्यात आठव्या दिवशी नळ सुटतो, हे त्यांना खरे वाटत नाही.

मराठवाडा म्हटले की दुष्काळ, आणि दुष्काळ म्हटला की पाणीटंचाई, हा हिशेब पुण्या-मुंबईकडची माणसे चटकन मांडतात. आमच्याकडच्या पुढाऱ्यांनाही तो सोयीचा असतो. हा हिशेब चूक आहे. शहरापासून साधारण 45-50 किलोमीटरवर पैठणला नाथसागर, म्हणजेच जायकवाडी धरण आहे. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शंभर टीएमसीहून अधिक पाणी साठवणारे हे धरण. शहराला पिण्यासाठी लागते ते त्याचा अगदी किरकोळ हिस्सा. दुष्काळात मृतसाठ्यावर वेळ आली ती वर्षेही आहेत, नाकारायचे कारण नाही. पण 2024 आणि 2025 च्या सप्टेंबरात धरणाचे दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावे लागले, तेव्हाही इथल्या नळांचे वेळापत्रक बदलले नाही. धरणात पाणी असूनही शहरात आणता येत नाही, ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांची खरी गोष्ट आहे. ती पावसाच्या खात्यावर मांडता येत नाही.

या शहराला पाणी आणण्याची विद्या नवीन नव्हती. मलिक अंबरने सतराव्या शतकात इथे जमिनीखालून नहर आणली, उतारावर वाहणारी, पंपाशिवाय. पाणचक्की आजही पर्यटक पाहून जातात. पण नहर म्हणजे नुसते बांधकाम नव्हे. तिची साफसफाई लागते, झाडांची मुळे काढावी लागतात, मार्गावर कुणी घर बांधणार नाही हे पाहावे लागते. ते काम सुटत गेले आणि नहरही सुटत गेली. वारसा म्हणून तिच्यावर भाषणे होतात, निवेदने दिली जातात. पाणीपुरवठा म्हणून तिचा विचार कुणी गंभीरपणे केला नाही.

जायकवाडीचे पाणी 1970 च्या दशकात 700 मिलिमीटर व्यासाच्या वाहिनीने शहरात आले. 1982 च्या 8 डिसेंबरला नगरपालिकेची महापालिका झाली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 1400 मिलिमीटरची दुसरी वाहिनी टाकली गेली. त्यानंतर? त्यानंतर जवळपास तीन दशके धरणापासून शहरापर्यंत नवी वाहिनी पोहोचली नाही. दरम्यान 2001 च्या जनगणनेत 8 लाख 73 हजार असलेली लोकसंख्या 2011 मध्ये पावणेबारा लाखांवर गेली. पुढची जनगणना व्हायची आहे, पण शहराच्या चारही बाजू पाहिल्या की आकड्याची गरज पडत नाही.

यात भूगोलाचाही वाटा आहे. नाथसागर पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फूट असते. शहर त्याहून तीनशेहून अधिक फूट वर. म्हणजे प्रत्येक थेंब चढावर ढकलायचा. वीज अर्धा तास गेली तरी पंप बंद पडतात, वाहिनी रिकामी होते, पुन्हा भरून दाब यायला काही तास जातात आणि सगळ्या जलकुंभांचे टप्पे एक दिवस पुढे सरकतात. जुनी वाहिनी पैठण रस्त्यावर कुठेतरी फुटली की आणखी एक दिवस. वर्तमानपत्रात ‘आज येणारे पाणी उद्या’ अशी चौकट येते आणि लाखभर घरांत कपडे धुण्याचा दिवस बदलतो.

या दोन वाहिन्यांना समांतर अशी तिसरी मोठी वाहिनी टाकायची, ही कल्पना 2005-06 च्या सुमारास पुढे आली. योजनेला नाव पडले ‘समांतर’, आणि इथल्या राजकारणात त्या नावाने वीस वर्षे मुक्काम केला. केंद्राच्या योजनेतून पैसा मिळणार होता, उरलेला खासगी भागीदाराने आणायचा होता. सप्टेंबर 2011 मध्ये 792 कोटींचा करार झाला. नुसती वाहिनी टाकण्याचा नव्हे, शहरातले वितरण, मीटर, बिले, वसुली सगळे वीस वर्षे कंपनीने पाहायचे असा. सप्टेंबर 2014 मध्ये औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीने पाणीपुरवठा हाती घेतला आणि 2016 मध्ये महापालिकेने करार मोडला.

त्या दोन वर्षांत कोण चुकले यावर अजून वाद होतात. कंपनीने मुख्य वाहिनीऐवजी वसुलीला हात घातला, असे एक बाजू म्हणते. नगरसेवकांनी आणि पुढाऱ्यांनी काम करूच दिले नाही, असे दुसरी. खासगीकरण म्हणजे पाप किंवा खासगीकरण म्हणजे उपाय, या दोन घोषणांत सगळी चर्चा वाटून गेली. माझ्या मते घोटाळा त्याच्या आधीचा होता. ज्या संस्थेला दोन जुन्या वाहिन्या चालवता येत नव्हत्या, तिने वीस वर्षांचा गुंतागुंतीचा करार केला. करार म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा कागद, असे समजून केला. त्यावर रोज नजर ठेवणारे अभियंते, हिशेब तपासणारे लेखापाल, गळती मोजणारे साधे मीटर, यांतले पुरेसे काहीच पालिकेकडे नव्हते. कंपनी गेली, करार गेला, प्रकरणे न्यायालयात गेली. 2018 मध्ये त्याच कंपनीला परत आणण्याच्या हालचालीही झाल्या आणि त्याही फसल्या. हातात आले ते बारा-तेरा वर्षांनी वय वाढलेले जुने नळ.

मग 2019 मध्ये नवी योजना, 1680 कोटींची. 12 डिसेंबर 2020 ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. अडीच मीटर व्यासाची वाहिनी, तिच्यात माणूस उभा राहू शकतो. पन्नासहून अधिक जलकुंभ, पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्या धरून आखणी. किंमत वाढून 2740 कोटींवर गेली आणि ‘अमृत’ योजनेत तिची सोय लावावी लागली. पैठण रस्त्याचे रुंदीकरण आणि वाहिनीचे काम एकाच पट्ट्यात आले, त्यावरून खात्याखात्यांत जुंपली. उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाला कामाचा आढावा वारंवार घ्यावा लागला. न्यायमूर्तींनी पाइप किती बसले, धरणातल्या उपसा विहिरीचे, म्हणजे जॅकवेलचे, किती झाले, हे विचारायचे आणि अधिकाऱ्यांनी पुढची तारीख द्यायची. लोकशाहीत हे काम सभागृहाचे असते. सभागृहच नव्हते, त्याकडे नंतर येतो. मधल्या काळात तग धरायला 900 मिलिमीटरची एक तातडीची वाहिनी टाकली गेली. तिने दोन पाण्यांमधला गॅप थोडा कमी झाला, पण पुरता मिटला नाही.

मे 2022 पर्यंत नागरिक वर्षाला 4050 रुपये पाणीपट्टी भरत होते. सहाव्या दिवशी तासभर पाणी धरले तर वर्षात साठ तास. म्हणजे तासाला साधारण 67 रुपये. त्यात हौदाचा खर्च, मोटारीची वीज, नळाला थेट लावलेला टिल्लू पंप, पिण्याचे जार आणि एप्रिल-मेमधले टँकर मिळवा. मे 2022 मध्ये देवेंद्र फडणवीसांच्या नेतृत्वाखाली जलआक्रोश मोर्चा निघाला, आणि त्याच महिन्यात पाणीपट्टी निम्मी करून 2025 रुपये झाली. दर कमी झाला याचे कुणाला वाईट वाटेल? पण पाण्याचा गॅप तसाच ठेवून दर निम्मा करणे म्हणजे ‘निम्मेच देऊ’ याची कबुली. पंपांचे वीजबिल तर निम्मे झाले नाही. ते कुठून भरायचे, हे त्या आनंदात कुणी विचारले नाही.

घरांची कथा याच पाण्याला जोडलेली आहे. 1970 च्या दशकात सिडको आली तेव्हा एन-एक, एन-दोन अशा क्रमांकांच्या वसाहती आखून बसल्या. रस्ते रुंद, बगिचे, शाळांच्या जागा राखलेल्या. आजही सिडकोतून जुन्या शहरात किंवा पुंडलिकनगरात शिरले की आखणी म्हणजे काय ते पायांना कळते. पण चिकलठाण्याच्या आणि नंतर वाळूजच्या कारखान्यांत येणाऱ्या कामगारांची संख्या सिडकोच्या घरांपेक्षा फार वेगाने वाढली. त्यांना घरे दिली ती गुंठेवारीने. शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडायचे, वीस बाय तीसचा प्लॉट शंभराच्या बाँडवर विकायचा. सातबाऱ्यावर नाव नाही, बांधकाम परवानगी नाही, पण डोक्यावर छप्पर आहे. शहरात अशा शंभराहून अधिक वसाहती आहेत. त्यांना बेकायदा म्हणणे सोपे आहे. त्या काळात कायदेशीर घर कामगाराच्या पगारात कुठे मिळत होते, हा प्रश्न सभागृहात फारसा कुणी विचारला नाही. निवडणुकीच्या तोंडावर नळ द्यायचा, निवडणूक झाली की नोटीस द्यायची, हा रिवाज मात्र पक्का झाला.

राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात आणली. पालिकेने संचिका मागवल्या, शुल्क घेतले. शहरालगतची सातारा-देवळाई 2015 मध्ये हद्दीत आली. तिथे फ्लॅट होते, शाळा होत्या, डॉक्टरांचे दवाखाने होते, पण जलवाहिनी आणि ड्रेनेज नव्हते. मालमत्ता कर मात्र लगेच लागू झाला. टँकरवर जगणारा हा सुशिक्षित भाग पाहिला की गुंठेवारी फक्त गरिबांची, हा समज गळून पडतो.

स्वस्त घरांचा सरकारी मार्गही इथे अडखळला. पंतप्रधान आवास योजनेतल्या सुमारे 40 हजार घरांच्या निविदेत गैरप्रकाराचे आरोप झाले. 2023 मध्ये गुन्हा दाखल झाला, सक्तवसुली संचालनालयाचे छापे पडले. ज्यांनी अर्ज भरले होते ते पुन्हा प्लॉट शोधायला लागले, बहुधा गुंठेवारीतच.

पालिकेला काहीच जमत नाही असेही नाही. कचऱ्याबद्दल थोडक्यात. तीस वर्षांहून अधिक काळ नारेगावला कचरा टाकला. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या. पालिकेने मिटमिट्याकडे गाड्या वळवल्या, 7 मार्चला तिथे दगडफेक झाली, पोलिसांनी घरांत घुसून मारल्याचे आरोप झाले. शहर कित्येक आठवडे कचऱ्यात बसले. आयुक्त गेले. मग चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी इथे प्रकल्प झाले, घंटागाड्या सुरळीत झाल्या. म्हणजे जमले. नाक दाबल्यावर जमले, पण जमले. खाम नदीच्या काठावर 2021 पासून झालेली सफाई आणि लोकसहभाग हेही या शहराच्या जमेच्या बाजूचे काम आहे. आयुक्त बदलले तरी ते चालू राहिले, ही त्यातली विशेष गोष्ट.

आता सभागृहाबद्दल. महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली. आधी कोरोना, मग आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद. जानेवारी 2026 मध्ये मतदान होईपर्यंत जवळपास पावणेसहा वर्षे प्रशासकच कारभारी. या काळात कामे वेगाने झाली, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यात तथ्य आहे. जून 2025 मध्ये मुकुंदवाडीपासून रस्ता रुंदीकरणाची मोहीम निघाली तेव्हा शेकडो दुकाने-घरे काही दिवसांत गेली. सभागृह असते तर इतके पाडता आले नसते, असे कौतुकाने सांगितले जाते. मला त्या कौतुकातच धोका दिसतो. ज्याचे दुकान गेले त्याने जायचे कुणाकडे? नगरसेवक भ्रष्ट असेल, पण रात्री अकराला त्याचे दार वाजवता येते. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्या दारावरची पाटीही बदलते.

तरी नगरसेवकांच्या काळाचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. शहराचे ‘औरंगाबाद’ हे नाव बदलण्यावरून 1988 पासून जितका वाद झाला, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी चर्चा गळतीवर झाली असती तर बरे झाले असते. नावाचा प्रश्न 2023 मध्ये निकालात निघाला. मोठ्या वाहिनीच्या तारखा तोवर पुढे सरकतच होत्या.

अडीच मीटरच्या वाहिनीतून पुरेसे पाणी येईल याबद्दल मला शंका नाही. पण चोवीस तास पंप चालवायचे वीजबिल, नव्या जलकुंभांवरची माणसे, जुन्या गल्ल्यांतले गंजलेले नळ बदलणे, अनधिकृत जोडण्या, यांचा खर्च दरवर्षीचा आहे. तो भूमिपूजनाने भागत नाही. निम्म्या पाणीपट्टीतही भागत नाही. नव्या सभागृहाचे अंदाजपत्रक प्रसिद्ध झाले की उद्घाटनांची पाने सोडून पाणीपुरवठ्याच्या देखभालीची तरतूद तेवढी पाहा. ती किती आहे आणि मागल्या वर्षी त्यातली खर्च किती झाली, हे आपल्या प्रभागाच्या सगळ्या नगरसेवकांना लेखी विचारा.