पाते कितीही निमुळते घासा, ऐन उखडणारच

ऐनाची किंवा शिसवीची फळी रंध्याखाली उखडायला लागली की सल्ला तयार असतो: "पातं काढ, अजून निमुळतं घास. पंचवीसवर आण, मग बघ." शेजारचा जाणकार नेमके उलटे सांगतो: "टणक लाकूड आहे, पस्तीसला घास." सातारा-सांगलीकडच्या सुतारशाळांत हा वाद कायम ऐकू येतो. वैताग याचा की दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघांचेही चुकते. नेहमीच्या रंध्यात पाते किती अंशांत घासले, यावर लाकूड किती अंशांत कापले जाते हे मुळीच ठरत नाही.

रंधा हातात घेऊन बघा. लाकडी असो वा जालंधरचा लोखंडी, पात्याचा घासलेला उतार खालच्या अंगाला असतो आणि सपाट बाजू वर. ढलपी चढते ती सपाट बाजूवरून. म्हणजे कापण्याचा कोन ठरवते ती पात्याची बैठक, आणि लोखंडी रंध्यात ती ४५ अंशांची असते. धार २५ ची करा, ३० ची करा, फळीला भेटतात ते ४५च. घासण्याच्या कोनाने दोनच गोष्टी बदलतात. एक, धार किती टिकणार. दुसरी, पात्यामागची मोकळीक. ४५ मधून ३० गेले की १५ अंश उरतात. पाते पुढे गेल्यावर दबलेले लाकूड किंचित वर उसळते, म्हणून दहाएक अंशांची मोकळीक लागतेच. पस्तीसला घासणारा त्या काठावर येऊन थांबलेला असतो.

"पण मला फरक दिसला की!" दिसणारच. कोन बदलताना पात्याला ताजी धार लागली. श्रेय धारेचे, ते गेले कोनाच्या खात्यावर.

आता लाकूड उखडते का ते पाहू. ऐन, किंजळ, शिसव, फणस, बाभूळ यांचे तंतू सरळ वाढत नाहीत. काही वर्षे ते खोडाभोवती एका बाजूला कलतात, पुढची काही वर्षे दुसऱ्या. त्यामुळे एकाच फळीत सुलट्या आणि उलट्या रेषेचे पट्टे शेजारी शेजारी येतात. फळी फिरवून रंधा मारला तरी एक पट्टा उलटा राहणारच. तिथे पाते कापण्याऐवजी उचकटते आणि धारेच्या पुढे फट पळते, कुऱ्हाडीपुढे ओंडका फाटत जातो तशी. नॉर्मन फ्रान्झ यांनी १९५८ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधनात ढलपीचे तीन प्रकार दाखवले. पुढे फट पळणारा हा त्यातला पहिला. कापण्याचा कोन वाढला की ढलपी वर उचलली जाण्याऐवजी पुढे दाबली जाते आणि फट आखूड राहते.

म्हणजे वाढवायचा तो हा कोन. इंग्लंडमध्ये जुने लाकडी रंधे ५०, ५५, ६० अंशांच्या बैठकीचेही बनत, ते याचसाठी. नवा रंधा घ्यायची गरज नाही. पात्याच्या सपाट बाजूला, अगदी टोकाशी, १० अंशांचा केसभर उतार द्या. ४५ चे ५५ होतात. १५ दिला तर ६०. मागची मोकळीक तेवढीच राहते.

घासण्याचा कोन खरोखर मोजला जातो तो एकाच जातीच्या रंध्यात: ज्यात पाते उताराची बाजू वर करून बसते. तिथली बैठक साधारण १२ अंशांची. २५ ला घासले तर ३७, ३८ ला घासले तर ५०. अशा रंध्यातही उखडणाऱ्या फळीला पाते निमुळते नव्हे, बोथट कोनाचे लागते. पंचवीसवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरा उपाय पात्यावरच बसलेला असतो: कॅप आयर्न, म्हणजे पात्याच्या सपाट बाजूवर आवळलेले लोखंडी झाकण. ते फक्त पाते थरथरू नये म्हणून असते, हा समजही तितकाच जुना. पीटर निकल्सन यांनी १८१२ सालीच लिहून ठेवले की लाकूड जितके अवघड, तितके ते धारेजवळ आणावे. जपानच्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो यांनी ते चित्रफितीवर दाखवले: कॅपचे टोक धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आले की ढलपी तिथेच वळते आणि फट थांबते. तिथे अर्धा मिलिमीटर अंतरही फार झाले.

उरलेले समज थोडक्यात.

"सगळ्या लाकडाला साठच बरे." नाही. कोन वाढला की जोर जास्त लागतो, धार लवकर जाते आणि मऊ लाकडाचा पृष्ठभाग मंद दिसतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांच्या दांडीला लागणारे तुनाचे लाकूड मऊसर असते. तिथे ४५ आणि जवळ आणलेले कॅप पुरते.

"रंधा तिरका धरला की कोन वाढतो." उलट, कमी होतो. ४५ चा रंधा ३० अंश तिरका धरून ढकलला तर प्रत्यक्ष कोन ४१ च्या आसपास येतो. हात हलका वाटतो तो त्यामुळे.

"महाग पोलाद आणले की प्रश्न मिटला." धार जास्त वेळ टिकेल, कोन तोच राहील.

"पॉलिशपेपर सगळे झाकतो." खपली जितकी खोल गेली, तितकी अख्खी फळी खाली उतरवावी लागते. नाहीतर पॉलिशचा पहिला हात बसताच खड्डे दिसतात.

पुढची ऐनाची फळी समोर आली की क्रम असा ठेवा: ताजी धार, बारीक ढलपी, कॅप पुढे. एवढ्याने भागले नाही तर सपाट बाजूला तो केसभर उतार. त्यावरही एखादा पट्टा हट्टाने उखडत राहिला, तर तेवढा खरवडून काढा. पंचवीस की पस्तीस, हा वाद या यादीत कुठेच येत नाही.