वाट बदललेले अन्न आणि लोहाचा हिशेब

पचनसंस्थेचा पाठ आपण दर वर्षी शिकवतो. फळ्यावर आकृती काढतो, जठर, लहान आतडे, मोठे आतडे अशी नावे देतो. विद्यार्थी ती पाठही करतात. पण यातला एखादा भाग अन्नाच्या वाटेतून वगळला तर काय होईल, असा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अतिलठ्ठपणावरील शस्त्रक्रियेत नेमके हेच केले जाते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इतो यांनी १९६६ मध्ये जठर वळसा (गॅस्ट्रिक बायपास) ही शस्त्रक्रिया सुरू केली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या. आज तिच्या रूढ पद्धतीत जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी ठेवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे आद्यांत्र, शरीरातच राहतात. पण अन्न त्यांतून जात नाही. दुसऱ्या एका पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात. वजन घटते, मधुमेह आटोक्यात येतो. मग तोटा कशाचा?

प्रथम लोह पाहू. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह बहुतांशी फेरिक रूपात असते. ते शोषले जाण्यासाठी फेरस रूपात यावे लागते आणि या कामी जठरातील आम्लाची मदत होते. शोषण होते ते मुख्यतः आद्यांत्रात. वळसा घातल्यावर आम्लही कमी आणि शोषणाची जागाही चुकलेली! त्यात आहार थोडा. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांच्या शरीरातून लोह दर महिन्याला बाहेर जाते, म्हणून त्यांना रक्तक्षयाचा धोका अधिक.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट आणखी गमतीची आहे. ते लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषले जाते आणि हा भाग तर शस्त्रक्रियेनंतरही अन्नाच्या वाटेवरच असतो. तरी ब-१२ कमी पडते. असे का?

उत्तर बोस्टनच्या विल्यम कॅसल यांच्या १९२० च्या दशकातील प्रयोगांत सापडते. एका घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना त्यांनी नुसते मांस दिले. सुधारणा झाली नाही. नुसता निरोगी माणसाचा जठररस दिला, तरी नाही. दोन्ही एकत्र दिले तेव्हा मात्र रक्तपेशी वाढू लागल्या. म्हणजे अन्नातील घटकाला जठरातील एका घटकाची सोबत हवी होती. तो जठरघटक बरोबर असेल तरच आतड्याचे शेवटचे टोक ब-१२ नीट शोषून घेते. जठर वगळले की ही सोबत तुटते.

खरी अडचण पुढे आहे. यकृतात ब-१२ चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर माणसाला बरे वाटते, गोळ्यांचा कंटाळा येतो, त्या बंद होतात. साठा हळूहळू संपतो. मग हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो. उपचाराला फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही.

येथे मुंबईची आठवण होते. १९२८ मध्ये लुसी विल्स यांनी तेथील गिरणी कामगार स्त्रियांमधील गरोदरपणीच्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांना आढळले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे कळले. मात्र ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेतले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. म्हणून मनाने एकच गोळी निवडणे धोक्याचे.

थायमिनचे (ब-१) गणित याच्या उलट आहे. त्याचा साठा दोन-तीन आठवडेच टिकतो. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होऊ लागल्या, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायला हवे. उशिराने मेंदूला इजा होऊ शकते.

मग उपाय काय? डॉक्टरांनी दिलेली पूरके जन्मभर घेणे. अशा स्त्रियांना व जठर वळसा झालेल्यांना साधारणपणे रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह सुचवतात. नेमकी मात्रा तपासणीवर ठरते. ब-१२ ची मोठी मात्रा तोंडाने दिली, तर सुमारे एक टक्का भाग जठरघटकाविनाही शोषला जातो. नाहीतर इंजेक्शन असतेच. लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियम लोहाच्या आड येते. चहाही लोहाचे शोषण कमी करतो. लिंबू किंवा आवळा ते वाढवतो. मांस, अंडी, दूध यांपैकी काहीच न खाणाऱ्यांनी ब-१२ कडे अधिक लक्ष द्यावे.

पहिल्या वर्षी ठरावीक अंतराने आणि नंतर दर वर्षी रक्त तपासावे. केवळ हिमोग्लोबिन पाहून भागत नाही. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आधी घटते, हिमोग्लोबिन मागाहून. कोठीतले धान्य संपत आले, तरी ताटात काही दिवस भाकरी दिसतेच, तसे हे आहे.

पुढच्या वेळी आकृती काढाल, तेव्हा आद्यांत्रावर बोट ठेवून वर्गाला विचारा: हा भाग वाटेतून वगळला तर? नावे पाठ असलेली मुले क्षणभर गप्प होतील आणि मग विचार करू लागतील.