खुबा बदलला, गुडघ्याचं काय?

रोबोटच्या मदतीने खुब्याचा सांधा बदलल्याच्या बातम्या आणि जाहिराती हल्ली सतत दिसतात. अचूकता मिलिमीटरमध्ये सांगितली जाते. पण ऑपरेशननंतर वॉकर धरून उभा राहिलेला पेशंट अनेकदा पहिल्यांदा जे बोलतो, ते त्यात नसतं: "डॉक्टर, हा पाय लांब झालाय."

ही तक्रार उडवून लावू नये. कधी पाय खरोखरच लांब झालेला असतो. नवा गोळा वाटीतून निखळू नये म्हणून भोवतीचे स्नायू पुरेसे ताणलेले हवेत, आणि त्या ताणापायी सर्जनला काही मिलिमीटर लांबी वाढू द्यावी लागते. 10 मिलिमीटरपर्यंतचा फरक बहुतेकांना सोसतो. कधी मात्र हाडं सारखीच असतात. वर्षानुवर्षं लंगडून आखडलेले स्नायू कंबर तिरकी धरून ठेवतात. व्यायामाने हे काही महिन्यांत बहुधा निवळतं. म्हणून पहिल्याच महिन्यात चपलेला जाड टाच लावून देणं मला चूक वाटतं. कंबर सरळ व्हायची संधीच त्यात जाते.

लांबीपेक्षा कमी बोललं जातं ते आडव्या अंतराबद्दल. गोळ्याच्या केंद्रापासून मांडीच्या हाडाच्या मध्यरेषेपर्यंतच्या या अंतराला सर्जन ऑफसेट म्हणतात. इंग्लंडमधल्या राइटिंग्टनला जॉन चार्नली यांनी 1962च्या सुमारास आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला, तोच मुळी या भूमितीच्या विचारावर. गोळा जेमतेम 22 मिलिमीटरचा. वाटी आत सरकवलेली. मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा कापून बाहेरच्या अंगाला बसवलेला. त्यामुळे कंबर तोलणाऱ्या स्नायूंना लांब तरफ मिळाली आणि सांध्यावरचा भार घटला. काय विलक्षण दृष्टी ती!

पण गोळ्यापासून घोट्यापर्यंतची भाराची रेषा गुडघ्यातूनही जाते. ऑफसेट वाढला की ती गुडघ्याच्या आतल्या अंगाला सरकते. निरोगी गुडघ्याला त्याचं फारसं काही वाटणार नाही. आपल्याकडच्या साठीतल्या कित्येकांचे गुडघे मात्र नेमके आतूनच झिजलेले असतात. जन्मापासून खुबा निखळलेला असेल तर बदल आणखी मोठा. पाय काही सेंटिमीटर खाली ओढावा लागतो, आणि सायटिक नर्व्हला ताण बसू नये म्हणून कधी मांडीचं हाड कापून आखूडही करतात.

रोबोट वाटी ठरल्या कोनात बसवतो, हे खरंच. पण तेव्हा पेशंट टेबलावर आडवा असतो, आणि भार पडतो तो उभं राहिल्यावर. म्हणून ऑपरेशनआधी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला एक्स-रे मागावा, विशेषतः गुडघा आधीच दुखत असेल तर. नंतर फरक वाटलाच, तर आखूड वाटणाऱ्या पायाखाली पातळ लाकडी ठोकळे एकेक करून ठेवत कंबर समपातळीत येईपर्यंत मोजून घ्यावं. फिजिओथेरपिस्टकडे पाच मिनिटांचं काम आहे.